सायबर सुरक्षेत नोकरी हवी? आधी हुडी घ्या

सायबर सुरक्षेत जायचं पक्कं केलंत ना? मग वेळ न दवडता एक काळी हुडी घ्या. नेटवर्किंग, लिनक्स, लॉग म्हणजे सिस्टमच्या नोंदी वाचणं ही किरकोळ कामं पुढे सवडीने शिकता येतात. पण डोक्यावर हुडी ओढल्याशिवाय काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटतच नाहीत, हे इंटरनेटवरचे फोटो पाहून तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल.

आता जाहिराती वाचायला बसा. 'फ्रेशर चालेल' असं वर ठळक लिहिलेली एखादी पकडा आणि खाली पात्रतेत सीआयएसएसपी हे अनुभवी सुरक्षा तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागितलंय का बघा. मागितलं असेल तर जाहिरात अस्सल. या प्रमाणपत्रासाठी 5 वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित पदवी असेल तर त्यातलं 1 वर्ष माफ. अनुभव नसताना नुसती परीक्षा पास झालात, तर 'असोसिएट' म्हणवून घ्यायचं आणि 6 वर्षांत अनुभव जमवायचा. थोडक्यात, पहिली नोकरी लागायला चार-पाच वर्षं नोकरी केलेली असली पाहिजे. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी या क्षेत्रात येऊच नये. ऑडिटच्या वेळी त्यांना फार त्रास होईल.

त्याच जाहिरातीत फायरवॉल, क्लाउड, पेनटेस्टिंग (परवानगीने घुसून बघणं), फॉरेन्सिक्स (घुसखोरीनंतरचा तपास) आणि ऑडिट अशी पाच माणसांची कामं एका पगारात बसवलेली असतील. घाबरू नका. लिहिणाऱ्याने तीन जुन्या जाहिराती एकाखाली एक चिकटवल्यात, यापलीकडे त्यात काही नसतं. यादीतलं अर्धंमुर्धं येत असलं तरी अर्ज करणारी काही माणसं असतात आणि त्यांना नोकऱ्याही लागतात. तुम्ही मात्र तसलं काही करू नका. सगळं शंभर टक्के जमेपर्यंत थांबा.

थांबलाच आहात तर प्रमाणपत्रं गोळा करा. ओएससीपी हे हॅकिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलंत तर उत्तमच. 23 तास 45 मिनिटांची परीक्षा, रात्रभर जागून मशीन फोडायची. मित्रांना सांगायला यासारखा किस्सा नाही. त्यानंतर अहवाल लिहायला आणखी 24 तास दिलेले असतात, तो भाग मात्र किस्स्यातून गाळा. लिहिणं हे कारकुनी काम. गिऱ्हाईकाच्या हातात शेवटी तो अहवालच पडतो आणि त्यातलं काही कळलं नाही तर पुढच्या वर्षी सिस्टममधली तीच भोकं तशीच सापडतात, या बारीकसारीक गोष्टी हॅकरने मनाला लावून घ्यायच्या नसतात.

हल्ला करून बघणारी रेड टीम की राखण करणारी ब्लू टीम, असा प्रश्न पडलाय? पडूच कसा शकतो? रेडच! ब्लूवाल्यांची एक रात्र बघा म्हणजे पटेल. रात्री सव्वातीनला अलर्ट येतो: एकाच माणसाने दहा मिनिटांत दोन देशांतून लॉगिन केलंय. तुम्ही ताडकन सरसावून बसता. निघतं काय, तर ठिकाण भलतंच दाखवणारं व्हीपीएन. तिकीट उघडा, 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणजे खोटा इशारा असं लिहा, कारण लिहा, बंद करा. पुढचा अलर्ट. तोच माणूस, तेच व्हीपीएन. हा नियम जरा सुधारा, असं कळवलंत तर त्याचं वेगळं तिकीट होतं आणि ते दुसऱ्या टीमच्या रांगेत जाऊन झोपतं. पहाटे पुन्हा तसाच अलर्ट. बंद करणार इतक्यात दिसतं, की या वेळी लॉगिननंतर मेलबॉक्समध्ये एक नवा नियम तयार झालाय: 'इनव्हॉइस' शब्द असलेले मेल परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये टाकायचे. आता मात्र कुणीतरी खरंच आत शिरलंय. जागरणाने डोळे चुरचुरत असताना हा फरक हेरणारा माणूस जाहिरातीतल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे कृपया विचारू नका. तसा रकाना नाही.

पॅचेसचा म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या, यंत्रांचं कुठलं डिजिटल सर्टिफिकेट कधी संपतंय याची यादी सांभाळणाऱ्या नोकरीकडे तर ढुंकूनही बघू नका. चारचौघांत काय सांगणार, याद्या करतो म्हणून? 2017 मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट-माहिती कंपनीतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. अपाची स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरमधल्या ज्या भोकातून ती गेली त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, चोर मे महिन्यात आत शिरले. ये-जा करणारा डेटा तपासणारं उपकरण होतं, पण त्याचं सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेलं, त्यामुळे ते आंधळं. ते बदलल्यावर कुठे चोरी दिसली. असल्या रटाळ गोष्टींत करिअर नसतं.

महत्त्वाकांक्षा ठेवायची तर थेट सुरक्षा प्रमुखाची ठेवा. जबाबदारी सगळी, बजेट दुसऱ्याच्या हातात. वर्षभर 'हे दुरुस्त करा' म्हणत मेल पाठवायचे आणि घोटाळा झाला की पहिल्यांदा आपल्याच खुर्चीकडे बोट. तो निस्तरताना लपवाछपवी केली तर प्रकरण कोर्टापर्यंतही जातं. 2016 ची डेटाचोरी दडपल्याबद्दल उबरच्या माजी सुरक्षा प्रमुखांना 2022 मध्ये अमेरिकी ज्युरीने दोषी ठरवलं. शिक्षा 3 वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. तेव्हा मुलाखतीत सुरक्षा विभाग कुणाला रिपोर्ट करतो, रात्रपाळीला माणसं किती, आधीचा माणूस का सोडून गेला, असले आगाऊ प्रश्न विचारून समोरच्याचा मूड घालवू नका. पगार ऐका आणि हो म्हणा.

आणि न मागता ऑफर आली, पगार दुप्पट, सोबत पीडीएफ, तर ती ताबडतोब उघडा. शक्यतो सध्याच्या कंपनीच्याच लॅपटॉपवर. 2022 मध्ये रोनिन या क्रिप्टो नेटवर्कमधून 60 कोटी डॉलरहून अधिक रकमेचं क्रिप्टो चोरीला गेलं, त्याची सुरुवात एका इंजिनिअरने उघडलेल्या अशाच बनावट ऑफरच्या पीडीएफने झाल्याच्या बातम्या होत्या. एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचं नाव घेतलं. पण तुमची ऑफर खरी असणार, तुमची गुणवत्ताच तशी आहे.

एवढं करूनही पहिल्याच फेरीत नकार आला तर खचू नका. लोकांना फसवणूक ओळखायला शिकवणाऱ्या नोबीफोर या कंपनीनेच 2024 मध्ये जाहीर केलं, की आपण नेमलेला एक इंजिनिअर उत्तर कोरियाचा निघाला. चोरलेली ओळख, एआयने सजवलेला फोटो आणि व्हिडिओवरच्या 4 मुलाखती बिनबोभाट पार. लॅपटॉप हातात पडताच गड्याने त्यावर मालवेअर चढवायला घेतलं. तुमची तर कागदपत्रं खरी आहेत. फोटो तेवढा बदलून बघा.