पाड्यावरचा सिनेमा, २८ व्या मजल्यासाठी

ठाण्यात घोडबंदर रोडवर २८ व्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना ज्यानं येऊरच्या डोंगराचे वेगळे पैसे मोजलेत, तो तुमचा प्रेक्षक. त्याला डोंगर हवा, पाडा हवा, चुलीचा धूरही हवा. फक्त मध्ये खिडकीची काच हवी. आदिवासींवर सिनेमा काढताय ना? मग आधी काच बसवून घ्या, कॅमेरा मागाहून बघू.

सगळ्यात जपायचं ते खलनायकाला. वीटभट्टीवाला अजिबात नको. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि उचल काही फिटलेली नसते, हे दाखवलंत की प्रेक्षक घरी जाऊन स्वतःच्या भिंतींकडे बघत बसतो. असा माणूस दुसऱ्यांदा तिकीट काढत नाही. त्यापेक्षा १९४५ चा तलासरी-डहाणूकडचा सावकार घ्या. वेठबिगारी, चाबूक, हवं तेवढं दाखवा, हॉल ढसाढसा रडेल. सावकार केव्हाच मेलाय आणि १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारीही संपवली आहे, निदान कागदावर. त्या सावकारांविरुद्धच्या वारली उठावातला लाल बावटा तेवढा कलर ग्रेडिंगमध्ये मातकट करून घ्या.

नायक पाड्यावरचा नसावा. नौपाड्यातली एखादी शिक्षिका आणा. तिला सुती साडी आणि मध्यंतरानंतर पश्चात्ताप द्या. पाड्यावरच्या पोराला स्लो मोशनमध्ये पळवा, बोलायला लावू नका. लावलंच तर कातकरी बोली नको, ‘म्या’ आणि ‘व्हय’ पेरा. ही भाषा घाटावरची हे कोण तपासतंय? तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वारल्यांचं, पण कातकऱ्याच्या हातीही पोस्टरवर झकास दिसतं. कुडाच्या भिंतीवरच्या चित्रांना मात्र तांदळाचं पीठच वापरा. एवढा अस्सलपणा बजेटमध्ये बसतो.

वनहक्काच्या दाव्याला, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागण्याला, हात लावू नका. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, वनहक्क समितीची पडताळणी, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती... इथवर येईतो अर्धा हॉल पॉपकॉर्नच्या रांगेत. तिथं गाणं टाका.

धाकधूक वाटत असेल तर सांगतो, कृती आजमावलेली आहे. २०१६ च्या ‘सैराट’चा २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला, तेव्हा करमाळ्याचं उदयपूर झालं आणि जात पाणी घालून पातळ केली. तुम्हाला तर एवढं लांब जायचंही नाही, येऊरचा चढ संपला की सेट तयार.

प्रीमियरला पाड्यावरच्या चारजणांना जरूर बोलवा. पहिल्या रांगेत बसवा, शाल द्या, कलाकारांसोबत फोटो काढा. फक्त शो सुटल्यावर त्यांना परत सोडायची गाडी आधीच सांगून ठेवा. ती हमखास राहून जाते.