मार्टिनी-हेन्रीच्या मूल्यांकनाबद्दल मिळालेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब. आपला अभिप्राय वाचला. आपले आक्षेप चार आहेत: पणजोबांची मार्टिनी-हेन्री (ब्रिटिश सैन्याची जुनी एकबारी रायफल) आम्ही 'नक्कल' ठरवली, इंटरनेटवर लाखांत जाणाऱ्या वस्तूची किंमत पाडून लिहिली, दस्त्याला केलेल्या पॉलिशचा ठपका आपल्यावर ठेवला आणि बघण्याआधीच परवान्याची प्रत मागितली. आपला पत्ता, परवान्याचा क्रमांक किंवा रायफलचा क्रमांक इथं लिहिणार नाही. बाकी उत्तर सविस्तर देतो, कारण हेच प्रश्न इतरांनाही पडतात.

आधी आमची चूक. अहवाल ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा गेला, आणि फोनवर आमच्या माणसानं 'नक्कल आहे' एवढंच सांगून विषय संपवला. असं व्हायला नको होतं. अहवालात 'सरहद्दीवरची हातबनावटीची प्रत' असे शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ निराळा आहे: वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरानं हातानं घडवलेली खरीखुरी बंदूक, फक्त ब्रिटिश कारखान्यातली नव्हे.

आता रायफल. रिसीव्हरच्या (नळीमागच्या धातूच्या सांगाड्याच्या) उजव्या बाजूला मुकुट, व्ही. आर. (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं), एनफिल्ड (ब्रिटिश सरकारी कारखाना), 1874 आणि मार्कचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, आकडा III आहे, हे आपलं म्हणणं बरोबर. अडचण तिथंच आहे. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्यात 1871 ला आली, दुसरा मार्क 1877 चा आणि तिसरा 1879 चा. 1874 च्या बंदुकीवर II दिसला असता तर आम्ही काहीच बोललो नसतो. पहिल्या मार्कच्या रायफली कारखान्यात परत बोलावून दुसऱ्या मार्कात बदलल्या जात आणि जुन्या I शेजारी आणखी एक I ठोकला जाई. अशा बंदुकीत दुसरा I किंचित वाकडा किंवा कमी खोल असतो, आणि तो खरेपणाचाच पुरावा. III ची गोष्ट वेगळी. त्या मार्कात नळीखालचं लाकूड धरण्याची रीतच बदलली: आडवी पिन गेली, आणि लाकडाच्या मागच्या टोकाचा हुक रिसीव्हरच्या पुढच्या तोंडात अडकू लागला. आपल्या रायफलवर III आहे, पण लाकडातून पिन आरपार गेली आहे. वर्ष, आकडा आणि सुतारकाम या तिघांचं एकमेकांशी जुळत नाही.

यापुढचं भिंगाखाली दिसलं. कारखान्यात अक्षरं पोलादी पंचानं एका घावात उठत. त्यामुळे खोली सारखी असते आणि कडेला धातू किंचित फुगतो. आपल्या रायफलवरची अक्षरं छिन्नीनं कोरलेली आहेत: रेघ सुरुवातीला खोल, शेवटी उथळ, आणि एनफिल्डमधला 'एन' उलटा. अक्षरं न वाचता, फक्त आकार बघून उतरवणाऱ्या कारागिराचा हात असा ओळखू येतो. वायव्य सरहद्दीवर, आताच्या पाकिस्तानातल्या कोहाटजवळच्या दर्रा आदमखेल भागात पिढ्यानपिढ्या कानस आणि वाइस (धातू घट्ट धरणारा शिकंजा) वापरून बंदुका घडवल्या गेल्या, आणि शिक्केही तितक्याच मन लावून उतरवले गेले. व्हिक्टोरिया राणी जानेवारी 1901 मध्ये वारली, तरी व्ही. आर. खाली 1907 कोरलेल्या बंदुका बाजारात सर्रास येतात. आपली त्या मानानं बरीच हुशारीनं केलेली आहे.

नळी आतून बघितली. अस्सल हेन्री नळी 33.2 इंचांची, आत सात खाचा आणि दर 22 इंचांना एक पूर्ण पीळ. आपल्या नळीत पाच खाचा आहेत आणि त्यांच्यातलं अंतरही सारखं नाही. ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा), लिव्हर (तो खाली-वर करणारा दांडा), चाप या सुट्या भागांवर तपासनिसाचे बारीक ठसे (मुकुट, आकडा, खाली एनफिल्डचा ई) हवेत, तेही कुठे नाहीत. एखादा भाग बदललेला असतो, सगळेच कसे बदलतील? म्हणून रिसीव्हर आणि नळी दोन्ही हातबनावटीच्या, असं मत आम्ही नोंदवलं.

आपण विचारलंत की पणजोबांना ती इंग्रज अधिकाऱ्याकडून मिळाली होती, त्याचं काय. ते खरं असू शकतं. बंदूक कुणी दिली आणि कुठे घडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात जुनी परवाना-पुस्तिका असेल तर शोधा. तिच्यात बोअर (नळीच्या भोकाचं माप), बनवणारा आणि क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो बंदुकीशी जुळला तर किमतीत फरक पडतो. तोंडी आठवणीनं पडत नाही.

किमतीबद्दल. आपण पाठवलेल्या तिन्ही लिंक अमेरिकेतल्या आहेत. तिथं 1898 पर्यंत बनलेली बंदूक कायद्यानं 'अँटिक' ठरते आणि बरीच मोकळेपणानं विकली जाते. शिवाय त्यातल्या दोन लिंकवर विक्रेत्यानं मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे, आणि तिसरी रायफल संगिनीसह, अस्सल एनफिल्डची आहे. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक भारतातलं, त्यातही परवाना असलेलं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बहुतेक परवानाधारकांना दोनच बंदुका ठेवता येतात. दोनपैकी एक जागा शोभेच्या रायफलसाठी अडवणारा माणूस फार क्वचित भेटतो. डॉलरला रुपयानं गुणून इथली किंमत निघत नाही. उलट अमेरिकेतलाही भाव एकसारखा राहिलेला नाही: 2003 मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) जुना साठा तिकडच्या व्यापाऱ्यांनी उचलला आणि मार्टिनी जातीच्या हजारो बंदुका एकदम बाजारात आल्या.

नेपाळचा विषय निघालाच आहे तर मराठी वाचकांसाठी एक इशारा. त्या बंदुकांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे असतात, आपल्याला सहज वाचता येतात आणि तिथंच फसायला होतं. '१९४८' दिसलं की लोक स्वातंत्र्यानंतरची समजतात. तो विक्रम संवत असतो, त्यातून 57 वजा करा, 1891 येतं. त्यातली गहेंद्र रायफल बाहेरून हुबेहूब मार्टिनी-हेन्री दिसते, पण आतली रचना वेगळी आणि काम हाताचं. ती चालवायची नसते.

पॉलिश. दस्त्याच्या उजव्या बाजूला कारखान्याचा गोल ठसा असतो. आपल्याकडे पॉलिश पेपर फिरल्यामुळे तिथं काही होतं की नव्हतं, हेच आता कळत नाही. दस्त्याच्या मागच्या धातूच्या पट्टीपाशी लाकूड तिच्या पातळीखाली गेलं आहे, ते कधीही परत येत नाही. ठपका कुणावर ठेवला नाही, अवस्था लिहिली. यापुढे कोरडं सुती फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. ब्रासो नको. ठसे उठून दिसावेत म्हणून काहीजण रांगोळी चोळतात. ती दगडाची भुकटी आहे, ठसा खरवडते. टाल्कम पावडर लावा किंवा बॅटरीचा उजेड कडेनं आडवा पाडा, अक्षरं आपोआप वर येतात.

परवान्याबद्दल मात्र आम्ही मागे हटणार नाही. 'शंभर वर्षं जुनी म्हणजे परवाना नको' हा समज चुकीचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या 45 व्या कलमात जुन्या, कालबाह्य बंदुकीला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसेल तरच. आपल्या रायफलचा ब्लॉक पडतो, स्प्रिंग जिवंत आहे, फायरिंग पिन पुढे येते. ती त्या सुटीत बसत नाही. परवान्याची प्रत आणि आवक-नोंद यांशिवाय आम्ही कुणाचीच बंदूक हातात घेत नाही.

एक विनंती: ती चालवून बघू नका. गावठी पोलादाची नळी, मापात नसलेलं चेंबर (काडतूस बसतं ती जागा), आणि .577/450 ची, म्हणजे मार्टिनी-हेन्रीची, जुनी काडतुसं कुणाच्या ट्रंकेत सापडली तरी तीही नकोत. हाताळण्याआधी लिव्हर खाली ओढून चेंबर बघा, मग लाकडी काठी नळीच्या तोंडातून आत सोडून तोंडापाशी तिच्यावर खूण करा आणि ती बाहेरून नळीशेजारी धरा. काठी ब्लॉकपर्यंत पोहोचली नसेल तर आत काहीतरी अडकलेलं आहे, तिथंच थांबा.

दुसऱ्यांदा तपासणी हवी असेल तर फी लागणार नाही, आणि आमच्याऐवजी दुसऱ्या जाणकाराला दाखवायची असेल तर भिंगाखालचे सगळे फोटो आपल्याला देऊ. येताना परवाना-पुस्तिका, आणि जुनी सापडली तर तीही, सोबत आणा.