सर, फक्त एक नजर टाका

विनोदी स्क्रिप्ट लिहून झाली की पहिलं पथ्य म्हणजे ती स्वतः पुन्हा वाचायची नाही. त्यासाठी नामवंत लेखक आहेत की. त्यांची नाटकं चालतात, स्किटं दर आठवड्याला टीव्हीवर लागतात, म्हणजे माणूस रिकामाच असणार.

त्यांना गाठायची जागा दादरचं शिवाजी मंदिर, आणि वेळ मध्यंतराची. बटाटेवड्याचा पहिला घास तोंडात गेला की समोर उभं राहायचं. तोंड भरलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. 'सर, तुम्हीच माझी प्रेरणा' म्हणून त्यांच्या एखाद्या नाटकाचं तोंडभर कौतुक करावं. ते दुसऱ्या कुणाचं निघालं तरी कचरू नये. नंबर मिळाला की गणेश चतुर्थीच्या दिवशी सकाळी सातला ९४ पानांची पीडीएफ धाडावी, खाली 'फक्त एक नजर टाका'. ब्लू टिक आल्यावर अर्ध्या तासाने नुसतं एक प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवशी 'सॉरी सर, ती जुनी होती, ही बघा' म्हणून 'फायनल खरंच फायनल ३' पाठवावी. पहिली त्यांनी वाचली असेल तर त्यांचं नशीब.

चोरीची भीती मात्र बाळगायलाच हवी. सासरा जावयाकडे राहायला येतो, ही तुमची अभूतपूर्व कल्पना बाहेर फुटली तर काय घ्या! १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहून काढलेल्या मांडणीला देतो, असं कुणीतरी सांगेलच. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवता येते, हेही सांगेल. सांगू दे. तुम्ही प्रत्येक पानावर आपल्या नावाचा तिरका, ठळक वॉटरमार्क टाका. मग ती चोरताही येत नाही आणि वाचताही.

आता अभिप्राय. तो मागायचा असतो, घ्यायचा नसतो. 'प्रामाणिक मत सांगा हं सर' या वाक्याचा अर्थ 'कौतुक जरा सविस्तर करा' असा आहे, आणि ज्येष्ठांना तो समजत नसेल तर ते ज्येष्ठ कसले? त्यातूनही कुणी बोललंच, तर तीन उत्तरं तयार ठेवावीत. 'ते मुद्दाम तसं ठेवलंय.' 'स्टेजवर बघाल तेव्हा कळेल.' आणि हुकमी एक्का: 'आमच्या सोसायटीच्या गणपतीत लोक लोळले होते, सर.' त्या लोकांत तुमची आत्या होती आणि उरलेले बक्षीस समारंभासाठी थांबले होते, हा तपशील गाळावा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालू आहे, आणि २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी तो करंडक कुणालाच दिला नव्हता. यातून घ्यायचा धडा एकच, परीक्षकांना काही कळत नाही.

मला एका ज्येष्ठांनी खरंच घरी बोलावलं होतं. (नाव सांगत नाही, अजून आशा आहे.) मी साभिनय वाचायला घसा खाकरला, तर म्हणाले, 'तू गप्प बस, मी वाचतो.' आणि बातम्या द्याव्यात तशा सपाट आवाजात सुरू. चौथ्या पानावर बोट ठेवून थांबले.

'इथे कंसात "प्रचंड हशा" लिहिलंयस. कुठल्या शब्दाला?'

वाक्य होतं: 'डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं होतं, त्यामुळे ते गेल्या मंगळवारी चालायला म्हणून जे निघालेत ते अजून परत आलेले नाहीत असं मला वाटतं.' त्यांनी पेन्सिल घेतली. उरलं ते असं: 'डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं. गेल्या मंगळवारी निघालेत.'

'हशाचा शब्द आला की वाक्य बंद,' ते म्हणाले. 'तू वर "असं मला वाटतं"चं झाकण ठेवतोस. आणि लोक हसत असताना पुढचं वाक्य कुणाला ऐकू जात नाही. तू नेमकं तिथेच मृत्युपत्र कुठे लपवलंय ते सांगतोस. मग दुसऱ्या अंकात ते सापडलं की लोक विचारणार, कसलं मृत्युपत्र?' पहिली दहा पानंही गेली. 'नाटक अकराव्या पानावर सुरू होतंय, तोवर सगळे नुसते चहा पितायत.'

अशा वेळी वही काढून लिहून घ्यायची चूक करू नये. मी बाणेदारपणे म्हणालो, 'सर, चहा मुद्दाम ठेवलाय.'

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुढची पानं नुसती उलटू लागले. एकदम एका जागी फसकन हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आतून वहिनींना हाक मारून त्यांनाही वाचून दाखवलं: '(जावई वाकून सासऱ्यांचा तिरस्कार करतो.)'

'हे बघ! याला म्हणतात विनोद! कसं सुचलं रे?'

मी लिहिलं होतं 'सासऱ्यांना नमस्कार'. पुढचं सगळं मोबाइलच्या कीबोर्डाचं. पण अशा वेळी खुलासे करत बसायचं नसतं. मान किंचित खाली घालावी, थोडं लाजावं आणि म्हणावं, 'सुचलं, सर.'