आजीची पैठणी, माझी बुलेट

आमची आजी येवल्याला जायची, दुकानात मांडी घालून बसायची, मोरपंखी पैठणीचा पदर बोटांत धरून बघायची, भाव विचारायची आणि परत यायची. मी लहानपणी तिच्यासोबत तीनदा तरी गेलोय. दुकानदारसुद्धा ओळखायला लागला होता.

आजी नर्स होती, पगार वेळेवर यायचा. पण पगाराच्या दिवशी आधी दशांश, म्हणजे देवासाठी बाजूला काढलेला पगाराचा दहावा भाग, पावडरच्या रिकाम्या डब्यात पडायचा, मग दूधवाला, किराणा, आमच्या फिया. एवढ्यावर थांबली असती तरी चार वर्षांत पैठणी झाली असती. पण दर वेळी कुणीतरी दार वाजवायचंच. कुणाचं बाळंतपण, कुणाचा चष्मा, कुणाच्या पोराची परीक्षेची फी. मला त्या डब्याचा भयंकर राग यायचा. माझी सायकल दोन वर्षं त्या डब्यात अडकली होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली मोबाइलवर येणारे उपदेश. ‘पेरा, म्हणजे प्रभू शंभरपट देईल.’ खाली लगेच क्यूआर कोड. अरे, हा तर चिटफंड झाला! आजीने आयुष्यभर दिलं, तिला शंभरपट काही मिळालं नाही. शेवटी गुडघे मिळाले दुखरे.

आपण चर्चवालेही काही कमी नाही म्हणा. हंगामाच्या सणाला उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, तेव्हा डझनभर गावरान अंड्यांवर पंधराशेची बोली लावणारा मीच. माइकवरून नाव पुकारलं की काय छान वाटतं! बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतंय ते बघत असतो. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आणि त्याने हिशेब मांडला तो मागे काय उरलं याचा. त्याच्या दोनच ओळी आधी तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतो. ते वाचन मात्र आपण पटकन उरकतो.

आमच्या नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की शरणपूर ही वस्ती 1850 च्या दशकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने वसवली? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या चमूत होता आणि 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. या सोसायटीला पैसा बराचसा विलायतेतल्या साध्या माणसांच्या वर्गणीतून यायचा. गोदावरी कुठे आहे हे ज्यांना नकाशावर दाखवता आलं नसतं, अशा कुणीतरी आपल्या चहातली साखर कमी केली असणार. (साम्राज्याचा माज, धर्मांतराचा वाद, सगळं मान्य. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

आजीबद्दल लोक म्हणायचे, ‘बाईला कशाचाच मोह नाही.’ साफ चूक. मोह नसता तर ती येवल्याला कशाला गेली असती? तिला पैठणी हवी होती, अगदी हवीच होती. फक्त रांगेत तिची पाळी आली की ती म्हणायची, ‘तू जा पुढे.’ विरक्ती ही वेगळी गोष्ट. ज्याला काही नकोच आहे त्याचं देणं सोपं असतं. हवंहवंसं वाटत असताना देणं हेच मला ख्रिस्ती देणं वाटतं. बायबलमधल्या पत्रात पॉलही करिंथकरांना म्हणतो, संतोषाने देणारा देवाला आवडतो. आजी कायम संतोषाने द्यायची असं नाही, कधीकधी चिडचिड करत द्यायची. देवाने चालवून घेतलं असेल.

आता माझं. नाताळला बुलेट घ्यायची होती, डाउन पेमेंट जमलं होतं. ऑक्टोबरात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एकांची अंबडच्या कारखाना वसाहतीतली नोकरी गेली आणि त्यांच्या मुलीच्या डिप्लोम्याचं दुसरं वर्ष अडलं. चार दिवस मी स्वतःशी भांडलो. त्यांना नातेवाईक नाहीत का? कर्ज मिळत नाही का? पाचव्या दिवशी बायको म्हणाली, ‘अहो, एवढे वाद घालताय म्हणजे द्यायचं ठरलंय तुमचं.’ दिले. (उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं येशू सांगतो; हे इथे लिहिलं म्हणजे डाव्या हाताला कळलंच. तेवढी माफी असावी.)

फार पवित्र वगैरे काही वाटलं नाही. दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

काल संध्याकाळी मुंबई नाक्याकडून येताना शोरूममध्ये शिरलो. हिरवा रंग आलाय. सीटवर बसून पाहिलं, भाव विचारला आणि घरी आलो.