लस फुकट आहे, मग विश्वासावर पैसे कशाला?

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, शिकल्यासवरलेल्यांच्या गप्पांत एक युक्तिवाद थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. तो असा: लस सरकार फुकट देतं, ज्याला पोराची काळजी आहे तो जाऊन घेईल. ‘लोकांचा विश्वास मिळवायचा’ म्हणून संस्थांना आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना पैसे वाटणं ही करदात्यांच्या पैशांची उधळण आहे. त्यातून काय निघतं ते मोजताही येत नाही. नकार देणारे ठरावीक समाजाचे, अडाणी लोक आहेत, त्यांचं रेशन बंद करा, आठ दिवसांत रांगा लागतील.

हे पुढे पाठवणारे बहुतेक जण लसीच्या बाजूचेच असतात. म्हणूनच याला नीट उत्तर द्यायला हवं. लसीच्या विरोधकांचं म्हणणं सरकारदरबारी कोणी ऐकत नाही. हे म्हणणं मात्र ऐकलं जातं, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री याच खर्चाला लागते.

‘लस फुकट आहे, ज्याला हवी तो घेईल’

लसीला पैसे पडत नाहीत हे खरं. पण दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस दिल्यावर घरात काय होतं ते बघा. दुपारपर्यंत बाळ ठीक असतं. रात्री अंग तापतं, मांडीवर टोचल्याजागी गाठ येते, पाय हलवला की ते किंचाळतं. एका खोलीत सहा माणसं झोपलेली, नवऱ्याची पहाटेची पाळी, आणि सासूचं म्हणणं, ‘चांगलं खेळतं पोर आजारी पाडून आणलंस.’ दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याच्या कामावर खाडा, म्हणजे पैसे कापले. चार आठवड्यांनी पुढच्या डोसची तारीख येते तेव्हा ही बाई जात नाही. तिने लसीला विरोध केलेला नाही. तिला पुन्हा तशी रात्र नको आहे, एवढंच.

या आईला टीव्हीवरची जाहिरात उपयोगाची नाही. ताप येईल, यायलाच हवा असं नाही पण येऊ शकतो, आला तर औषध किती द्यायचं, गाठ चोळायची नाही, हे टोचण्याआधी सांगणारं माणूस तिला हवं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माणूस दारात येऊन ‘रात्री कसा होता?’ असं विचारतं आणि सासूशीही चार शब्द बोलतं, तेव्हा दुसरा डोस होतो. वर ज्याला उधळण म्हटलंय तो खर्च या दुसऱ्या दिवशीच्या फेरीचा आहे.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. नेहमीची व्यवस्था होती त्या गावांत सर्व लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के. ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरत होतं तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या तिथे ३९ टक्के. लस तिन्हीकडे फुकटच होती. सहाचे अठरा झाले ते केवळ सिस्टर सांगितलेल्या दिवशी खरोखर येते हे लोकांना दिसलं म्हणून. डाळ वाटल्यावर दर मुलामागचा खर्च वाढला असेल असं वाटतं, तो उलट निम्म्यावर आला, ५६ डॉलरवरून २८ वर. सिस्टरचा पगार आणि गाडीचं भाडं दहा मुलं आली तरी तेच आणि पंचवीस आली तरी तेच.

‘मोजता येत नाही’

मोजलेलं आहे. हरियाणातही याच अर्थतज्ज्ञांच्या गटाने सरकारबरोबर मोठा प्रयोग केला. गावातल्या लोकांना विचारलं, तुमच्या गावात एखादी गोष्ट कोणाच्या कानावर घातली की ती सगळ्यांपर्यंत पोहोचते? जी नावं आली त्यांनाच लसीकरणाचे निरोपे केलं. सरपंचालाच नेमा अशी अट नव्हती. हे निरोपे आणि मोबाइलवर आठवणीचा संदेश, एवढ्यावर दर डॉलरमागे होणाऱ्या लसीकरणात ९.१ टक्क्यांची वाढ दिसली. त्याला वस्तूंच्या भेटीचीही जोड दिली तेव्हा लसीकरण ४४ टक्क्यांनी वाढलं. पुलाच्या किंवा रस्त्याच्या खर्चाचा इतका काटेकोर हिशेब आपण क्वचितच मागतो.

‘हा पैसा पोस्टरांत आणि संस्थांच्या खिशात जातो’

काही पैसा असा जातो, यात वाद नाही. पंचतारांकित हॉटेलातली एक दिवसाची कार्यशाळा, आणि फ्लेक्सवर लसीपेक्षा पुढाऱ्याचाच चेहरा मोठा. अशा खर्चाला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे. पण त्यासाठी उत्तर प्रदेश आणि बिहारच्या गल्ल्यांत पोलिओच्या वेळी झालेलं काम पुसून टाकता येणार नाही.

२००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशातले. डोस होते, शीतपेट्या होत्या, स्वयंसेवक होते. दारं मात्र उघडत नव्हती. युनिसेफ आणि इतर संस्थांनी त्याच सुमारास तिथे गल्लीपातळीवर माणसं नेमायला सुरुवात केली होती. पुढे हे जाळं सुमारे सात हजारांवर गेलं. बहुतेक त्याच मोहल्ल्यातल्या बायका. एकेकीकडे काही शे घरं आणि हाताने भरलेली वही: कोणत्या घरात कोण गरोदर आहे, पाच वर्षांखालची मुलं किती, कोण माहेरी गेलंय, कोण वीटभट्टीवर.

पथक घर करून गेलं की दारावर खूण व्हायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी ‘पी’. एखादं मूल राहिलं, दार बंद होतं किंवा घरच्यांनी नाही म्हटलं तर ‘एक्स’. पथकाचं काम तिथे संपायचं आणि त्या बाईचं सुरू व्हायचं. ‘एक्स’चं ‘पी’ होईपर्यंत तिने त्या दारी जात राहायचं. कधी मशिदीतल्या मौलवींना घेऊन, कधी डॉक्टरांना, कधी त्याच घरातल्या मोठ्या जावेला हाताशी धरून. लहान पोरांच्या ‘बुलावा टोळ्या’ गल्लीत ओरडत फिरून बाकीच्या मुलांना बूथवर आणायच्या.

या बायकांनी वर कळवलेली एक गोष्ट सगळ्यात मोलाची ठरली. लोक विचारत होते: रस्ता नाही, नाली तुंबलेली, दवाखान्यात डॉक्टर नाही, पोर जुलाबाने मेलं तरी कोणी येत नाही, मग दर महिन्याला पोलिओच्याच थेंबांसाठी एवढी घाई कशाची? या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. उत्तर द्यायचं तर कामाची आखणीच बदलावी लागली. दोन्ही राज्यांतल्या सर्वांत अवघड १०७ विकासगटांसाठी (ब्लॉक) वेगळी योजना झाली आणि थेंबांबरोबर जुलाबावरचा उपचार, स्वच्छता, हात धुणं, बाळाचं अंगावरचं दूध हेही विषय घरोघरी जाऊ लागले.

२००९ साली जगातले जवळपास निम्मे रुग्ण भारतात होते, ७४१. पुढच्या वर्षी ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, ज्यात भारत येतो, पोलिओमुक्त जाहीर झाला. जानेवारी २०१० पासून पोलिओच्या दोन प्रकारांवर एकत्र चालणारी नवी द्विसंयुजी लस आली, त्याचाही यात मोठा वाटा आहे. पण ती नवी लसही त्याच दारांतून आत जायची होती.

उलटं घडलं तर काय होतं ते नायजेरियाने दाखवलं. २००३ साली कानो राज्यात पोलिओची लस थांबवली गेली. लसीत वंध्यत्व आणणारं काहीतरी आहे, अशी समजूत होती. जवळजवळ वर्षभर बंदी टिकली आणि तिथला विषाणू वीसच्या आसपास देशांत पोहोचला, थेट इंडोनेशियापर्यंत. दहा वर्षं पोलिओमुक्त असलेल्या इंडोनेशियात २००५ साली तीनशेच्या आसपास मुलांना पोलिओ झाला. कानोची कोंडी सुटली ती तिथल्या नेत्यांचा विश्वास बसेल अशा देशातून, म्हणजे याच इंडोनेशियातून, लस आणल्यावर.

‘नकार देणारे ठरावीक समाजाचे, अडाणी लोक’

उत्तर प्रदेशात पोलिओ झालेल्या मुलांमध्ये मुस्लिम मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं, हे खरं आहे. ते लपवून कोणाचंच भलं होत नाही. पण म्हणूनच अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द यांना कामात उतरवलं गेलं, आणि तीच कुटुंबं पुढे दार उघडू लागली. ‘समजावून उपयोग नाही’ हे विधान तिथल्या अनुभवाने खोटं ठरवलं आहे.

आणि शिकलेल्यांचं काय? जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतली शालेय गोवर-रुबेला मोहीम उच्च न्यायालयाने थांबवली, कारण आम्हाला न विचारता मुलांना टोचणार का, असं म्हणत शाळकरी मुलांच्या वतीने पालक न्यायालयात गेले होते. त्यांची शंका हक्काची मानली गेली. मुंबईत गोवंडीसारख्या वस्तीतल्या बाईने तीच शंका काढली की तिला अडाणी म्हणायचं, हा भेद मला पटत नाही.

‘रेशन बंद करा’

सक्तीचा अनुभव महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वीच आला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या समितीने गोऱ्या सोल्जरांकडून घरं तपासली आणि माणसं उचलून छावण्यांत नेली. लोक रोगी लपवू लागले. म्हणजे प्लेग रोखायला जी माहिती सगळ्यात जास्त हवी तीच दडली. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतली आणि त्यांच्यामागे त्या समाजातले हजारो लोक पुढे आले. रोग तोच होता आणि राज्यही इंग्रजांचंच.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या वर्षी आकडा दहा लाखांच्याही खाली आला. ‘थेंबांनी पोरं वांझ होतात’ ही अफवा पंचवीस वर्षांनंतर उत्तर प्रदेशात का धरली, याचं एक उत्तर त्या वर्षात आहे.

यावर ‘देवीचा रोग तर सक्तीनेच गेला ना?’ असं विचारतात. काही ठिकाणी दारं फोडून टोचलं गेलं, हे खरं. पण रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते शेवटी हजार रुपयांपर्यंत गेलं, आणि गावागावांतून खबर आली ती त्यामुळे. शिवाय देवीचं टोचणं एकदा झालं की त्या साथीपुरतं काम भागत होतं. आजचं बाळ जन्मताच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, नऊ महिन्यांनी आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास आणावं लागतं. धाकाने एकदा आणाल. सहा वेळा कसं आणाल?

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात करोनाची लस नाही तर रेशन आणि पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. तो महासाथीतल्या प्रौढांसाठी होता, आणि त्याने वेग वाढला असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण मुलांच्या लसीला तोच नियम लावा म्हणणाऱ्याने थोडं थांबावं. कुपोषित मुलाला गोवर झाला तर ते दगावण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. लस चुकलेल्या घराचं धान्य बंद करणं म्हणजे गोवराला त्या मुलापर्यंत पोहोचायची वाट आणखी सोपी करून देणं. शिवाय २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, प्रश्न आहे.

संमतीचा वेळ वाचवला तर तो पुढे दामदुपटीने भरावा लागतो. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममला आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला, त्यात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, पण तोवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. प्रकल्प २०१० मध्ये थांबला आणि ही लस सरकारी कार्यक्रमात यायला वर्षानुवर्षं गेली. सिक्कीमने २०१८ साली आधी शिक्षक, पालक, डॉक्टर आणि पत्रकारांशी बोलून तीच लस शाळांतून दिली. सुमारे ९७ टक्के मुलींनी घेतली.

मग पैसा जावा कुठे?

एका लसीकरण सत्राला मुलं गोळा करून आणण्याचे आशाताईला मिळतात १५० रुपये. वर्षाच्या आत सगळ्या लसी पूर्ण झालेल्या एका मुलामागे १०० रुपये. ज्या बाईला सहा वेळा त्याच दारी जायचं आहे, सासूला गोडीत घ्यायचं आहे, ताप उतरेपर्यंत फोन उचलायचा आहे, तिच्या कामाचा हा दर. आणि उधळण होते असा आरोप याच कामावर.

२०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवर पसरला. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, गोवंडीत, मुलं दगावली. मग केंद्राची पथकं आली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जादा डोस जाहीर झाला, धर्मगुरूंच्या बैठका झाल्या. करोनाच्या दोन वर्षांत डोस चुकलेली मुलं त्याआधीही त्याच गल्ल्यांत राहत होती. ती कोणत्या घरात आहेत हे सांगणारी, पगारावर बारा महिने राहणारी माणसं तिथे पुरेशी नव्हती.

पालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक येईल तेव्हा जनजागृतीच्या रकान्याकडे बोट दाखवून तो रद्द करा म्हणण्याआधी त्यातलं फ्लेक्सवर किती आणि वस्तीतल्या माणसांच्या मानधनावर किती, ही फोड मागावी. ते मानधन साथ ओसरल्यावर बंद होतं की चालू राहतं, हेही विचारावं. आणि या माणसांनी वर कळवलेल्या तक्रारींतली एखादी तरी, सत्राची वेळ असो किंवा सिस्टरची गैरहजेरी, गेल्या वर्षात सोडवली गेली का, याचं लेखी उत्तर घ्यावं.