केळीचा खांब उकळला म्हणजे पॅड झालं नाही

तो मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय बघा, केळीचा खांब, उसाचं चिपाड, कापसाची पऱ्हाटी, मिळेल ते एकत्र कापा, सोड्यात उकळा, मिक्सरला फिरवा, वाळवा, झालं सॅनिटरी पॅडचं मटेरियल, "शंभर टक्के नॅचरल, झिरो केमिकल". बचत गटांच्या बायका यात पैसे घालायला निघाल्यात म्हणून लिहितेय.

"सगळं एकत्र उकळा" इथेच घोळ आहे. पऱ्हाटी म्हणजे जवळपास लाकूडच, ती शिजेपर्यंत केळीच्या तंतूचा पार गाळ होतो, आणि केळीच्या हिशोबाने गॅस बंद केला तर पऱ्हाटीच्या काड्या तशाच कडक. मिसळायचंच तर प्रत्येक वेगळं शिजवून मग मिसळा. चिपाडाचा तंतू साधारण 1 मिमी, कंपन्या पॅडमध्ये वापरतात त्या पाइनच्या लाकडाचा 3 च्या आसपास, त्यामुळे चिपाडाच्या प्लेटा झकास होतात पण नुसत्या चिपाडाचा थर पॅडमध्ये टिकत नाही, तुटतो.

झिरो केमिकल? मग सोडा काय प्रसाद आहे का! झाडाच्या तंतूंना डिंकासारखं चिकटवून ठेवणारं लिग्निन पाण्याला जवळ करत नाही, ते काढावंच लागतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मनू प्रकाश यांच्या टीमने घायपातापासून बाजारातल्या पॅडपेक्षा जास्त शोषणारं मटेरियल केलं, क्लोरिन न वापरता, पण फॉर्मिक अ‍ॅसिड आणि पेरॉक्साइड लागलंच.

आता मिक्सर. ओला लगदा फिरवून वाळवा आणि मोडून बघा, चक्क पुठ्ठा होतो, कारण वाळताना तंतू एकमेकांना घट्ट धरतात. कारखान्यात पाइनचा पल्प, म्हणजे लाकडाचा लगदा, येतो तोही पुठ्ठ्यासारख्या रोलमध्येच, पण तिथे तो हॅमर मिलमध्ये, म्हणजे हातोड्यांच्या चक्कीत, कोरडाच फोडून फुलवतात. ओला जितका फिरवाल तितका जास्त घट्ट बसणार.

"पॅडमध्ये कापूसच तर असतो" म्हणे. स्वस्त पॅडचं मशीन बनवणारे कोइमतूरचे 'पॅडमॅन' अरुणाचलम मुरुगनंतम यांनीही सुरुवात कापसानेच केली होती, जमलं नाही, मग कळलं की कंपन्या पाइनच्या लाकडाचा पल्प वापरतात.

आणि मेसेजसोबतचा तो पॅडवर पाणी ओतायचा व्हिडिओ! पाणी तर पोतंही पिऊन टाकतं हो, बसल्यावर दाब पडला की ते आतच राहतं का हे बघायचं असतं. बाजारच्या बऱ्याच पॅडमध्ये हे काम सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचं जेल करतं. केळीच्या तंतूचे पॅड होतात, अहमदाबादची साथी कंपनी विकतेय, अशक्य कोण म्हणतंय, पण विकायला काढणार असाल तर आयएस 5405 हे भारतीय मानक आहे, त्यात शोषणाची टेस्ट आहे, पीएचची म्हणजे आम्लतेची आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही.