४० नळ्या ठीक, पण गाडी चोर्ला घाटात वळणार कशी?

लेखातली 'कालभैरव' ही रॉकेटं डागणारी काल्पनिक गाडी वाचून मजा आली. ३०० मिमीच्या ४० नळ्या, वर घाटात ८० चा वेग! जरा हिशोब करू की. स्मर्च ही रशियाची खरी रॉकेट डागणारी गाडी, तिचं एक रॉकेट साधारण ८०० किलोचं. म्हणजे नुसत्या रॉकेटांचंच ३२ टन झालं, गाडी आणि नळ्या वेगळ्याच. स्मर्च तर १२ नळ्यांतच ४० टनांपुढे जाते. आमच्या खानापूरकडे पावसाळ्यात तांबड्या चिखलात रिकामा ट्रॅक्टरसुद्धा रुततो, मग जेसीबी बोलवा. तिथं ही बया काय करणार?

पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची रॉकेट डागणारी पिनाका बघा. २१४ मिमी, १२ रॉकेटं ४४ सेकंदांत, आणि लगेच जागा सोडायची. कारण शत्रूचं रडार रॉकेट कुठनं सुटलं ते हुडकून काढतं, थांबलात की संपलात. तुमची गाडी मात्र दहा मिनिटं एकाच जागी उभी राहून मारा करते आणि उलट एक गोळा येत नाही? पुन्हा रॉकेटं भरणारी दुसरी गाडीही कुठं दिसली नाही. पुढच्या भागात नळ्या निम्म्या करा, ती गाडी तेवढी दाखवा. चित्र मात्र झकास, कुणी काढलंय?